जुन्या गोव्यातील एक पदभ्रमण : उरलेल्या वास्तू आणि नाहीसे झालेले नगर

१

‘कॅथीड्रल’ म्हटले की आपल्याकडील सामान्य वाचकाच्या मनात एखाद्या प्रचंड ख्रिस्तमंदिराचे चित्र उभे राहते. वस्तुतः या नावाचा आकाराशी संबंध नाही. ‘कॅथीड्रा’ म्हणजे बिशपाचे आसन. ते आसन ज्या मंदिरात असेल ते कॅथीड्रल, मग ते लहान असो वा मोठे. पोर्तुगीज भाषेत अशा मंदिरास ‘से’ म्हणतात. हा शब्दही लॅटिन भाषेतील आसनवाचक शब्दापासूनच आला आहे. युरोपातील यॉर्क, शार्त्र किंवा सांतियागो या नगरांत हे आसन नगराच्या मध्यभागी आहे, आणि त्याच्या भोवती गल्ल्या, बाजार, धर्मशाळा व घरे यांची दाट वस्ती अद्याप नांदत आहे. तेथे पायी हिंडणाऱ्या प्रवाशास गल्ल्याच कॅथीड्रलपर्यंत घेऊन जातात.

मांडवीच्या दक्षिण तीरावरील जुन्या गोव्याची गोष्ट नेमकी उलट आहे. येथे आसन राहिले आणि नगर गेले. गोव्याचे आर्चबिशप पणजीच्या टेकडीवर राहतात, तरी त्यांच्या धर्मप्रांताचे कॅथीड्रल आजही जुन्या गोव्यातच आहे; मात्र त्याच्या भोवती नारळीची झाडे, हिरवळीचे पट्टे व रुंद सडक यांखेरीज फारसे काही नाही. आशियातील एक अग्रगण्य बाजारपेठ म्हणून जे नगर सोळाव्या शतकात प्रसिद्ध होते, त्याची सात-आठ मंदिरे तेवढी एकमेकांपासून अंतर राखून उभी आहेत.

हे असे का झाले, याचे उत्तर बहुतेक पुस्तिकांत दोन वाक्यांत दिलेले असते : साथीचे रोग आले, लोक निघून गेले, आणि काळाने नगर गिळले. पावसाळा संपून हवा कोरडी झाल्यावर प्रस्तुत लेखकाने एका स्थानिक मार्गदर्शकास एका सकाळपुरते सोबत घेतले व जुने गोवे पायी पाहिले. मार्गदर्शक एक आणि प्रवासी एक, अशी ती फेरी होती. घोळक्याची घाई नसल्यामुळे जेथे हवे तेथे थांबता आले, आणि सांगितलेले व दिसलेले यांची तुलना करता आली. त्या फेरीतून जे ध्यानात आले ते येथे मांडावयाचे आहे. ते थोडक्यात असे की, जुन्या गोव्याचे उजाडपण हे केवळ काळाचे काम नव्हे. कोणती वास्तू राहावी आणि कोणती जावी हे बहुतांशी माणसांच्या निर्णयांनी ठरले आहे, आणि त्या निर्णयांच्या तारखा सांगता येतात.

२

आमची फेरी नदीकाठच्या धक्क्यापासून सुरू झाली. हल्ली बहुतेक प्रवासी मोटारीने सडकेवर उतरतात व तेथूनच मंदिरे पाहून परततात. परंतु हे नगर नदीकडे तोंड करून वसले होते, आणि लिस्बनहून येणारा प्रत्येक नवा अधिकारी नदीवरूनच नगरात शिरे. त्याच्या प्रवेशमार्गावर आज ‘व्हाइसरॉयची कमान’ म्हणून ओळखली जाणारी वेस आहे. वास्को द गामाच्या जलप्रवासास शंभर वर्षे होत आली असता, त्याचाच पणतू फ्रान्सिस्को द गामा हा येथे व्हाइसरॉय म्हणून आला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याने ही कमान उभारली. नदीच्या बाजूस वास्कोची मूर्ती आहे. नगराच्या बाजूस पायाखाली एका पुरुषास दाबून उभी असलेली स्त्रीमूर्ती आहे. विजेत्याने आपला इतिहास वेशीवरच कोरून ठेवावा, ही रीत जगात नवी नाही. मात्र आज दिसणारी कमान जशीच्या तशी त्या काळची नव्हे. ती पडल्यावर १९५४ साली पुन्हा बांधण्यात आली.

कमानीला लागून व्हाइसरॉयांचा किल्लेवजा वाडा होता. आज तेथे त्याचा मागमूस नाही. “हांगा शार आशिल्लें,” मार्गदर्शक म्हणाले. येथे शहर होते. हे वाक्य त्या सकाळी त्यांनी अनेकदा उच्चारले. दरवेळी त्यांचा हात मोकळ्या जागेकडे गेला.

कमानीतून सरळ वर जाणारा रस्ता म्हणजे जुनी ‘रुआ दिरैता’, म्हणजे सरळ पेठ. डच प्रवासी लिन्शोतेन हा १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात आर्चबिशपाच्या पदरी होता. १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने या पेठेतील रोजच्या सकाळच्या लिलावाचे वर्णन केले आहे. तेथे अरबी घोडे, मसाले, वस्त्रे आणि जडजवाहीर यांच्या बरोबरीने गुलाम स्त्रीपुरुषही विकले जात. कॅथीड्रल आणि माणसांचा बाजार एकाच पेठेच्या हाकेच्या अंतरावर असावेत, ही गोष्ट प्रवाशास आज कोठेही दिसत नाही; कारण मंदिर दगडाचे होते आणि बाजार माणसांचा होता. म्हणूनच या रस्त्यावर लिखित साधनाशिवाय चालणे म्हणजे नगराचा अर्धा भाग न पाहता चालणे होय.

रस्त्याच्या डाव्या अंगास सेंट कॅजेटनचे घुमटाचे मंदिर आहे. ते सतराव्या शतकात थिएटिन पंथाच्या इटालियन धर्मोपदेशकांनी रोममधील सेंट पीटरच्या मंदिराचा आदर्श समोर ठेवून बांधले. त्याच्या आवारात काळ्या दगडाचे दोन नक्षीदार खांब, त्यांवरील तुळई आणि जाळीचे अवशेष एवढीच एक चौकट उभी आहे. आदिलशाही वाड्याचा दरवाजा म्हणून ती दाखविली जाते. तिच्यावरील कोरीव काम पाहता हे दगड मुळात एखाद्या हिंदू वास्तूतील असावेत हे कोणाच्याही ध्यानात येते. म्हणजे १५१० साली आल्बुकर्क येथे आला तेव्हाही हे स्थान कोरे नव्हते. एळा या गावाच्या हद्दीतील हे बंदर बहमनी व त्यानंतर आदिलशाही अमलाखाली भरभराटीस आलेले होते. त्याही आधी कदंबांची राजधानी येथून दक्षिणेस, जुवारीच्या काठी गोपकपट्टण येथे होती. तेच स्थान पुढे ‘गोवा वेल्हा’ म्हणून ओळखले गेले, आणि नामसादृश्यामुळे अनेक लेखकांनी त्याची जुन्या गोव्याशी गल्लत केली आहे.

एका चौकटीत तीन राजवटी सामावल्या आहेत. मंदिराचा दगड वाड्याला लागला, वाडा पोर्तुगीजांच्या हाती गेला, वाड्याचीही पुढे मोडतोड झाली. दगड तोच राहिला. तो कोठे बसवावयाचा, हे मात्र प्रत्येक वेळी नव्या धन्याने ठरविले.

३

तेथून आम्ही से कॅथीड्रलसमोरील चौकात आलो. आल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी, म्हणजे सेंट कॅथरिनच्या सणाच्या दिवशी, नगर दुसऱ्यांदा जिंकले. म्हणून हे कॅथीड्रल त्या संत स्त्रीस वाहिलेले आहे. १५३४ साली गोव्यास बिशपाचे आसन मिळाले, आणि पुढे त्यास आर्चबिशपाचा दर्जा प्राप्त झाला. या धर्मप्रांताची सत्ता आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून चीनपर्यंत मानली जात असे. आजचे मंदिर १५६२ साली सुरू होऊन १६१९ साली पुरे झाले; आतील वेद्यांचे काम त्यानंतरही तीस-एक वर्षे चालले होते. लांबी सुमारे ७६ मीटर. बाहेरचे रूप साधे तस्कन पद्धतीचे आणि आतील सजावट कोरिंथियन वळणाची आहे.

समोर उभे राहिले असता पाहणाऱ्याच्या नजरेस प्रथम एक उणीव खटकते. डाव्या हाताचा मनोरा आहे, उजव्या हाताचा नाही. तो १७७६ साली वीज पडून कोसळला. विजेचा दोष कोणाला देता येत नाही. परंतु तो पुन्हा बांधला गेला नाही, याला मात्र कारण होते. व्हाइसरॉयांनी १६९५ सालीच नगराबाहेर पानेली येथे मुक्काम हलविला होता, आणि १७५९ साली ते पणजीस गेले होते. मनोरा पडला त्याच दशकात जुने नगर पुन्हा वसवावे, असे हुकूम लिस्बनहून सुटत होते, हा एक विलक्षण योगायोग होय. ती योजना साथीच्या तापापुढे फसली. ज्या नगरात राज्यकर्ता राहावयास तयार नव्हता, तेथे दुसरा मनोरा कोण उभारणार?

साथींचे कारण खोटे नव्हे. जांभा दगड सच्छिद्र असतो. दाट वस्तीतील मैल्याचे पाणी त्यातून विहिरींत झिरपत असावे, आणि पटकी व ताप यांचे मूळ त्यात असावे, असे अभ्यासकांनी दाखविले आहे. डचांनी मांडवीच्या मुखाशी घातलेले वेढे आणि त्यामुळे खचलेला व्यापार हेही कारण तितकेच महत्त्वाचे. परंतु साथीने माणसे मरतात व पळतात, भिंती पडत नाहीत. भिंतींचे काय झाले ते वेगळे सांगावे लागते.

त्याचे उत्तम उदाहरण याच चौकाच्या दक्षिण अंगास होते. तेथे आदिलशाहीचा जुना वाडा होता. व्हाइसरॉयांनी १५५४ साली तो सोडला, आणि १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाल्यावर तो त्या न्यायासनाच्या ताब्यात गेला. १७७४ ते १७७८ हा खंड वगळता हे न्यायासन १८१२ पर्यंत चालू राहिले. दलों या फ्रेंच वैद्यास दमण येथे पकडून याच इमारतीच्या कोठडीत ठेवण्यात आले होते. १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वृत्तान्तामुळे ती युरोपभर कुप्रसिद्ध झाली. वनौषधींवरील ‘कोलोकियुश’ हा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापून प्रसिद्ध करणारा गार्सिया द ऑर्ता हा ज्यू वंशाचा होता. १५६८ साली तो वारला. त्यानंतर बारा वर्षांनी त्याच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. अशा इमारतीचा आज एक दगडही जागेवर नाही. एकोणिसाव्या शतकात ती पाडली गेली, आणि न्यायासनाच्या दप्तराचाही मोठा भाग नष्ट करण्यात आला.

मार्गदर्शकांनी कॅथीड्रलच्या मनोऱ्यातील मोठ्या घंटेकडे बोट दाखविले. तिच्या गोड नादामुळे तिला ‘सोन्याची घंटा’ म्हणतात. इन्क्विझिशनच्या जाहीर शिक्षांच्या दिवशी हीच घंटा वाजे, असे सांगितले जाते. घंटा आहे, ती ज्यासाठी वाजली ती इमारत नाही. प्रवासी घंटेचे कौतुक करून पुढे जातो. मार्गदर्शकाने तेथे थांबून मोकळी जागा दाखविली नाही, तर कोणी दाखवावयाची?

येथे दुसऱ्या बाजूचीही दखल घेणे न्यायाचे होईल. सडकेच्या कडेला काळ्या दगडाचा एक जुना खांब आहे. लोक त्यास ‘हातकातरो खांब’ म्हणतात, आणि धर्मांतर नाकारणाऱ्यांचे हात तेथे तोडले जात, असे सांगतात. पोर्तुगीज नगरांतून असा खांब नगरसत्तेचे चिन्ह म्हणून उभारीत व गुन्हेगारांस तेथे जाहीर शासन करीत. खांबाचे हे रूढ कार्य आणि लोकस्मृती या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाने त्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत, पण लोकस्मृती टाकाऊ मानता कामा नये. ज्या समाजाच्या देवळांवर तिसवाडीत १५४० च्या सुमारास घाला आला, त्याच्या स्मरणात राहावयास दप्तर नव्हते. एक खांब होता.

४

सडक ओलांडली की बॉम जेझूसचे मंदिर लागते. १५९४ साली त्याचा पाया घातला गेला आणि १६०५ साली त्याची प्रतिष्ठापना झाली. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचा देह येथे आहे. दर दहा वर्षांनी तो दर्शनासाठी से कॅथीड्रलमध्ये नेतात. अलीकडचे असे दर्शन नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात झाले. देह ज्या चौथऱ्यावर आहे तो तस्कनीचा ड्यूक तिसरा कोसिमो याने पाठविलेला असून, फोजिनी या शिल्पकाराचे ते काम १६९८ साली येथे उभे राहिले. त्यावरील चांदीची पेटी मात्र गोव्यातील कारागिरांनीच १६३६-३७ मध्ये घडविली.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या वास्तूत तीन गोष्टी विशेष लक्ष देण्याजोग्या आहेत, आणि त्या तिन्ही सामान्य फेरीत सांगितल्या जात नाहीत.

पहिली गोष्ट दगडाची. मुख्य भिंती स्थानिक जांभ्याच्या आहेत. जांभ्यावर बारीक कोरीव काम टिकत नाही. म्हणून दर्शनी भागावरील नक्षीचा काळा दगड वसईहून समुद्रमार्गे आणला होता. वसई त्या काळी पोर्तुगीजांकडे होती. १७३९ साली ती चिमाजीअप्पांनी घेतली. तेव्हा गोव्याच्या या मंदिराच्या कपाळावरील नक्षी उत्तर कोकणच्या दगडात कोरलेली आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे.

दुसरी गोष्ट छापखान्याची. हिंदुस्थानातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यातच, सेंट पॉलच्या विद्यालयात सुरू झाला. पुढे मंदिराला जोडून असलेल्या जेझुइटांच्या मठातही मुद्रण होऊ लागले. एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच धर्मोपदेशकाचे सेंट पीटरच्या जीवनावरील मराठी ओवीबद्ध पुराण १६२९ साली येथेच रोमन लिपीत छापले गेले. त्याआधी १६१६ साली थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ रायतूर येथे छापून झाले होते. या ग्रंथांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे उघड आहे. पीटर पुराणात तर हिंदू मतांचे खंडनही आहे. तरीही मराठी भाषेतील सर्वांत जुने मुद्रण गोव्याच्या परिसरात झाले, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासात अढळ आहे. देवळे पाडणाऱ्या राजवटीच्या आश्रयाने देवळांच्याच भाषेत ओव्या छापल्या गेल्या. या विसंगतीचे स्पष्टीकरण असे की, लोकांच्या मनात शिरावयाचे तर लोकांच्या छंदातूनच शिरावे लागते, हे त्या धर्मोपदेशकांना ठाऊक होते.

तिसरी गोष्ट १६८३ सालची. त्या वर्षी पोर्तुगीज सैन्याने फोंड्याच्या किल्ल्यास वेढा घातला, आणि छत्रपती संभाजी महाराजांनी तो उधळून लावला. नोव्हेंबरच्या अखेरीस मराठ्यांनी नगराच्या अगदी जवळचे जुवे बेट घेतले. ते परत घेण्यास गेलेल्या व्हाइसरॉयाचा, आल्व्होरच्या काउंटचा, पराभव झाला, आणि तो कसाबसा जीव घेऊन परतला. त्यानंतर त्याने या मंदिरात येऊन संताची पेटी उघडविली, आपला अधिकारदंड त्याच्या देहापाशी ठेवला, आणि राज्य रक्षण करण्याची विनंती केली. पुढे मोगल सैन्य रामघाटाने कोकणात उतरले, संभाजी महाराजांना माघारी वळावे लागले, आणि नगर वाचले. भाविकांनी ते श्रेय संतास दिले. इतिहासास मोगलांच्या हालचालीची नोंद घ्यावी लागते.

याच काउंटने २७ जून १६८४ रोजी एक हुकूम काढला : गोमंतकीयांनी आपली देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. ज्या मठात पंचावन्न वर्षांपूर्वी मराठी ओव्या छापल्या गेल्या, त्याच्याच छायेत मराठ्यांविरुद्ध संताचा धावा झाला, आणि सात महिन्यांत देशी भाषेवर बंदी आली. मंदिरात उभे राहून हे तीन प्रसंग एकामागोमाग आठवले, म्हणजे त्या शांत वास्तूविषयीची आपली समजूत बदलते.

निघताना मार्गदर्शकांनी तांबड्या भिंतीवर हात ठेवून सांगितले की, हा रंग मंदिराचा मूळचा नव्हे. ते खरे आहे. पावसापासून रक्षण व्हावे म्हणून जांभ्याच्या भिंतीस चुन्याचा गिलावा देण्याची कोकणातील सर्वमान्य पद्धत येथेही होती, आणि हे मंदिर शतकानुशतके पांढरे होते. १९५० च्या सुमारास, वास्तू अधिक प्राचीन दिसावी म्हणून, पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी तो गिलावा काढविला. तेव्हापासून उघडा जांभा प्रत्येक पावसाळ्यात झिजत आहे, आणि गिलावा पुन्हा द्यावा की नाही यावर अलीकडील वर्षांत जाहीर वाद झाला आहे. ज्या तांबड्या भिंतीचे छायाचित्र प्रत्येक प्रवासी सोळाव्या शतकाची खूण म्हणून घरी नेतो, ती खूण विसाव्या शतकातील आहे.

५

उन्हे चढू लागली तेव्हा आम्ही पश्चिमेकडील ‘पवित्र टेकडी’ चढलो. येथे ऑगस्टिनियन पंथाचे भव्य मंदिर होते. सतराव्या शतकाच्या आरंभी पुऱ्या झालेल्या त्या मंदिराच्या एका मनोऱ्याचा उभा चिरलेला अर्धा भाग तेवढा आज आकाशात दिसतो. त्याची उंची सुमारे ४६ मीटर आहे. समोरच सेंट मोनिकाचा जोगिणींचा मठ आहे. १६०६ ते १६२७ या काळात बांधलेला, १६३६ साली आगीत सापडलेला, तरी आजही छपरासह शाबूत. दोन्ही वास्तू एकाच टेकडीवर, एकाच दगडाच्या, जवळजवळ एकाच काळातील. एक पडली व एक राहिली, याचे उत्तर पावसात किंवा रानात सापडत नाही. ते १८३५ सालच्या हुकुमात सापडते.

त्या वर्षी पोर्तुगीज सरकारने गोव्यातील पुरुषांचे धर्मपंथ बरखास्त करून त्यांच्या मालमत्ता ताब्यात घेतल्या. ऑगस्टिनियन निघून गेले. छपराची कौले परतविण्यास कोणी उरले नाही, आणि सात वर्षांत, १८४२ साली, मंदिराची मोठी कमानदार छत कोसळली. १९३१ साली दर्शनी भाग व अर्धा मनोरा पडला. जोगिणींना मात्र मरेपर्यंत मठात राहण्याची मुभा होती. नव्या जोगिणी घेण्यास मनाई होती, तरी शेवटची जोगीण १८८५ साली वारेपर्यंत मठात दिवा लागत होता, आणि पावसाळ्यापूर्वी छप्पर चाळले जात होते. त्या पन्नास वर्षांनी मठ वाचविला.

हेच सूत्र इतरत्र लावून पाहता येते. जेझुइटांची हकालपट्टी १७५९ सालीच झाली; तरी बॉम जेझूस राहिले, कारण तेथे संताचा देह होता आणि भाविकांची ये-जा थांबली नाही. त्याच जेझुइटांच्या सेंट पॉल विद्यालयाच्या मंदिराची मात्र एक दर्शनी कमान तेवढी उरली. बाकीचा दगड पणजीच्या बांधकामासाठी नेण्यात आला. व्हाइसरॉयांच्या वाड्याचीही हीच गत झाली. पणजीस १८४३ साली राजधानीचा दर्जा मिळाला. जुने नगर तिची खाण झाले होते. ऑगस्टिनियन मनोऱ्याची प्रचंड घंटा १८७१ पासून पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन मंदिरात आहे. पणजीतील त्या पायऱ्यांवर उभा राहून छायाचित्र घेणाऱ्या प्रवाशास आपल्या डोक्यावर जुन्या गोव्याचा आवाज टांगलेला आहे, याची कल्पना नसते.

पडक्या वास्तूही बोलत्या करता येतात, याचे या टेकडीवर एक अपूर्व उदाहरण घडले आहे. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ साली इराणात शिराझ येथे ठार मारण्यात आले, आणि ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या काही अस्थी गोव्यात आणल्या. मठाच्या सभागृहातील एका खिडकीजवळ त्या दगडी पेटीत ठेवल्याचे जुन्या पोर्तुगीज कागदांत नमूद होते. भारतीय पुरातत्त्व खात्याने या कागदांच्या आधारे पडझडीत त्या खिडकीची जागा शोधली, आणि तेथे अस्थी मिळाल्या. हैदराबादच्या पेशीविज्ञान संशोधनकेंद्राने २०१३ साली जनुकीय परीक्षणाने त्या केतेवानच्या असल्याचा निर्वाळा दिला. २०२१ साली त्यांपैकी काही भाग जॉर्जियास देण्यात आला. कागद, जागा आणि प्रयोगशाळा या तिघांनी एकमेकांस साक्ष दिली की ढिगाऱ्यातूनही निश्चित सत्य बाहेर पडते, हे यावरून दिसून येईल.

६

टेकडीच्या टोकाशी रोझरीचे लहानसे मंदिर आहे. आल्बुकर्कने १५१० सालची लढाई येथून पाहिली, असा निर्देश तेथे आहे. आमची फेरी तेथे संपली. समोर मांडवी, पलीकडे दिवाडी बेट. त्या बेटावर कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर होते. ते देऊळ सोळाव्या शतकात पाडले गेले, आणि देव नदीपलीकडे नार्वे येथे नेण्यात आला. तेथील देवालयाचा जीर्णोद्धार १६६८ साली शिवछत्रपतींनी करविला. म्हणजे नदीच्या एका काठावर आसन राहिले व नगर गेले. दुसऱ्या काठावर देऊळ गेले, पण देव भक्तांच्या खांद्यावरून पुढे गेला. दोन्ही गोष्टींचा विचार एकत्रच केला पाहिजे.

जुन्या गोव्याविषयी आपल्याकडे दोन प्रकारचे लेखन विपुल आहे. एकात पूर्वेकडील रोमचे वैभव असते, दुसऱ्यात इन्क्विझिशनचे क्रौर्य असते. दोन्ही लेखक एकाच चौकात उभे असतात; एकाची दृष्टी उभ्या वास्तूंवर असते, दुसऱ्याची मोकळ्या जागांवर. वास्तविक उभे काय आणि मोकळे काय, हा भेदच १८३५ चा हुकूम, पणजीची बांधकामे, गिलावा काढण्याचा निर्णय अशा अनेक कृत्यांतून निर्माण झाला आहे. तो भेद हाच इतिहासाचा विषय होय. हे स्थान १९८६ साली जागतिक वारशाच्या यादीत आले तेही मंदिरे व मठ यांच्या नावाने. पेठ, बाजार, घरे आणि कोठड्या यांना यादीत येण्यासाठी शिल्लकच राहता आले नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना घेऊन जुन्या गोव्यास जाणाऱ्या अध्यापकांना एक सूचना कराविशी वाटते. प्रत्येक मंदिरापाशी जितका वेळ थांबाल, तितकाच वेळ एका रिकाम्या जागेपाशी थांबावे, आणि तेथे काय होते, ते कोणी नेले व का नेले, हे विद्यार्थ्यांना शोधावयास सांगावे. निरोप घेताना मार्गदर्शकांना विचारले की, रोज तेच तेच सांगून कंटाळा येत नाही काय. ते हसले. लोक जे पाहावयास येतात ते दाखविण्यास अर्धा तास पुरतो, ते म्हणाले; बाकीचा वेळ नसलेले दाखविण्यात जातो, आणि ते मात्र कोणी विचारले तरच दाखविता येते.